शतकाचा डाव आणि समोरच्या खुर्चीतला माणूस

आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणं आटोपली की एक ठरलेलं दृश्य दिसतं. मोठी माणसं डब्यांत उरलेली श्रीखंड-पुरी कुणी न्यायची यावर आग्रह करत असतात आणि हॉलच्या एका कोपऱ्यात मुलं बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली असतात. मग आमच्यापैकीच कुणीतरी काका हातात चहाचा कप घेऊन तिथे जातात, दोन मिनिटं खेळ बघतात आणि विचारतात, "अरे, तुम्हाला बॉबी फिशरची गोष्ट ठाऊक आहे का?"

गोष्ट अशी. तेरा वर्षांचं पोर. समोर अमेरिकेतला नावाजलेला खेळाडू. पोरानं भर स्पर्धेत आपला वजीर फुकट दिला. बघणारे हसले. पण पुढच्या काही खेळ्यांत त्या मोठ्या खेळाडूची दाणादाण उडाली आणि मात झाली. काका कप खाली ठेवतात आणि तात्पर्य सांगतात: "बघा, बुद्धी असली की वय आडवं येत नाही. तुम्ही मात्र व्हिडिओ गेम खेळत बसा!"

ही गोष्ट मी स्वतः अनेकदा सांगितली आहे, त्यामुळे त्या काकांवर टीका करण्याचा मला काही विशेष अधिकार नाही. पण गेल्या वर्षभरात मी तो डाव पुन्हा पुन्हा पटावर मांडून पाहिला आणि माझं मत बदललं. गोष्ट खोटी नाही. ती अर्धी आहे. (बघणारे हसल्याचं तर मला कुठेच सापडलं नाही, तो मसाला आपल्यासारख्या काकांनी घातलेला असावा.) उरलेली अर्धी गोष्ट समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची आहे. ती सांगितली नाही, तर डावही नीट कळत नाही आणि मुलांच्या पदरी भलतंच तात्पर्य पडतं, असं मला आता वाटतं. या लेखाचा प्रपंच त्यासाठी.

दोघं कोण होते

१७ ऑक्टोबर १९५६. जागा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला मार्शल चेस क्लब. वेस्ट टेन्थ स्ट्रीटवरचा हा क्लब आजही चालू आहे. आपल्यापैकी जर्सीत राहणाऱ्यांनी पाथ ट्रेनने नाइन्थ स्ट्रीटला उतरलं, तर पाच-सात मिनिटांची चाल. स्पर्धा होती रोझेनवाल्ड ट्रॉफीची. देशातले निवडक बारा खेळाडू त्यात होते. फिशर हा खरं तर त्या बारांत बसणारा नव्हता. जुलैमध्ये फिलाडेल्फियाला तो राष्ट्रीय ज्युनिअर विजेता झाला, म्हणून त्याला खास बाब म्हणून बोलावण्यात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकन संघटनेनं प्रसिद्ध केलेल्या यादीत त्याचं रेटिंग १७२६ होतं. पहिल्या क्रमांकावरच्या सॅम्युअल रेशेव्हस्कीचं होतं २६६३. आपल्या शनिवार-रविवारच्या स्पर्धांत सतराशेचे खेळाडू खोऱ्यानं सापडतात. मे ते ऑक्टोबर हा मुलगा झपाट्यानं वाढला यात शंका नाही, पण कागदावरची दरी ही एवढी होती.

समोर डोनाल्ड बर्न. वय २६. १९५३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकलेला. १९५४ मध्ये सोव्हिएत संघ न्यूयॉर्कला आला, तेव्हा बाकीचे अमेरिकन मार खात असताना बर्ननं त्याच वर्षीचा सोव्हिएत विजेता अॅव्हरबाख याला ३-१ असं हरवलं होतं. म्हणजे हा कुणी सोम्यागोम्या नव्हता. त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट हाही नामवंत खेळाडू. पुढे न्यूयॉर्क टाइम्समधलं बुद्धिबळाचं सदर त्यानं १९७२ पासून २००६ पर्यंत चालवलं.

खरी चूक आणि खरी खेळी

आता डाव. पांढरे मोहरे बर्नचे, काळे फिशरचे. पहिल्या दहा खेळ्यांत बर्ननं पटाचा मध्य व्यापला. डी-४ आणि ई-४ या घरांवर त्याची दोन प्यादी दिमाखात उभी होती. वजीर सी-५ पर्यंत पुढे गेलेला. दिसायला सगळं उत्तम. पण एक काम राहिलं होतं: राजा अजून पटाच्या मधोमध ई-१ वर तसाच बसलेला होता. किल्लेकोट, ज्याला आपली मुलं कॅसलिंग म्हणतात, तो व्हायला अजून दोन खेळ्या हव्या होत्या. आधी ई-२ वर उंट, मग किल्लेकोट.

अकराव्या खेळीला बर्ननं यातलं काहीच केलं नाही. एफ-४ वर नीट बसलेला उंट त्यानं पुन्हा उचलला आणि जी-५ वर ठेवला. वरवर पाहता ही चूक वाटतही नाही. उंटानं एक दबाव आणला, एवढंच. पण घराला कडी घालायची राहिली असताना माणूस अंगणातली कुंडी सरकवत बसावा, तसा हा प्रकार. अशी खेळी बरोबरीच्या खेळाडूपुढे कुणी सहसा करत नाही. बर्नच्या मनात त्या क्षणी काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण आपल्यापेक्षा कमी रेटिंगच्या माणसापुढे आपला हात असाच सैल सुटतो, हे मला अनुभवानं माहीत आहे. तो अनुभव पुढे सांगणारच आहे.

यावर फिशरनं बी-६ वरचा घोडा ए-४ वर नेला. पटाच्या अगदी काठावर, जिथे पांढरा घोडा त्याला आरामात मारू शकतो. माझ्या मते या डावातली सर्वांत मोठी खेळी हीच, वजिराची नव्हे. कारण हा घोडा मारला, तर दुसरा काळा घोडा ई-४ चं प्यादं मारून एकाच वेळी पांढऱ्या वजिरावर आणि त्या नुकत्या हललेल्या उंटावर तुटून पडतो. शिवाय उघड्या पडलेल्या ई पट्टीवर पांढरा राजा बसलेला. म्हणजे बर्नच्या एका सैल खेळीतलं सगळं सैलपण एका घोड्यानं उघडं केलं. तेरा वर्षांच्या मुलाला हे दिसलं, याला मी प्रतिभा म्हणेन. पण ही प्रतिभा हवेतून आलेली नाही. ती समोरच्या चुकीला दिलेलं नेमकं उत्तर आहे. चूक नसती, तर उत्तरही नसतं.

बर्ननं घोडा मारला नाही, वजीर ए-३ वर मागे घेतला. इथेच त्याची ताकदही दिसते, कारण त्याला सापळा दिसला होता. मग घोड्यांची मारामारी झाली, ई-४ चं प्यादं गेलं आणि बर्ननं ई-७ चं प्यादं उंटानं टिपून उलट हल्ला केला. पुढे त्याच उंटानं सी-५ वर येऊन काळ्या वजिरावर रोख धरला. फिशरनं आधी हत्तीनं शह दिला. बर्नचा राजा एफ-१ वर गेला. किल्लेकोटाचा प्रश्न कायमचा मिटला.

वजिराचा हिशेब

आणि मग ती सतरावी खेळी, जिच्यासाठी हा डाव जगभर सांगितला जातो. फिशरनं बी-६ वरचा वजीर मारात तसाच ठेवला आणि जी-४ वरचा उंट शांतपणे ई-६ वर मागे घेतला.

"वजीर फुकट दिला" असं काका म्हणतात, त्यातला 'फुकट' हा शब्द मला खटकतो. हे दान नाही, हा हिशेब आहे, आणि तो किती चोख आहे ते पाहण्यातच मजा आहे. बर्ननं वजीर न घेता ई-६ चा उंट मारला असता, तर काळा वजीर बी-५ वरून शह देतो, घोडा नाचत येतो, मग वजीर एफ-१ वर स्वतःला मारून घेतो आणि शेवटी एकटा घोडा ई-२ वरून मात करतो. आपल्याच हत्तीनं कोंडलेल्या राजाला पळायला घरच राहत नाही. सी-३ चा घोडा वजिरानं मारावा, तर काळा वजीर सी-५ चा उंट खातो आणि त्याला मारायला जावं तर पांढरा वजीर जातो. उरला एकच सरळ मार्ग: वजीर घेणं. बर्ननं तो घेतला.

मग सुरू झाली पवनचक्की. काळ्या उंटानं सी-४ वर मारून शह दिला. त्यानंतर एकदा घोड्याचा शह, एकदा घोडा बाजूला होऊन मागच्या उंटाचा शह. पांढरा राजा जी-१ वरून एफ-१, एफ-१ वरून जी-१, असा दारातल्या दारात येरझाऱ्या घालत राहिला आणि घोडा मधल्या मधे डी-४ चं प्यादं घेऊन परत सी-३ वर आला. हे झाल्यावर फिशरनं ए-७ च्या प्याद्यानं बी-६ वरचा उंट मारला. त्यामुळे ए पट्टी उघडली आणि ए-८ वरच्या हत्तीचा मारा थेट ए-३ वरच्या वजिरावर आला. वजीर पळाला आणि घोड्यानं डी-१ चा हत्ती टिपला. बेरीज करा: वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं. पुस्तकातल्या भावानं वजीर नऊ गुणांचा, मिळाले बारा. वर पांढरा दुसरा हत्ती एच-१ च्या कोपऱ्यात अडकलेला. आपल्यातले जे अकाउंटंट आहेत त्यांनी सांगावं, याला बलिदान म्हणायचं की उत्तम सौदा?

यानं त्या मुलाचं मोठेपण कमी होत नाही, वाढतं. हे सगळं त्याला घड्याळ चालू असताना, पटाला हात न लावता, आधी दिसायला हवं होतं. पण मुलांना सांगताना 'चमत्कार' म्हणून सांगितलं, की त्यांना फक्त टाळ्या वाजवता येतात. 'हिशेब' म्हणून सांगितलं, तर ती पट मागवतात.

"शतकातला डाव" का?

हे नाव दिलं हान्स क्मोख यांनी. व्हिएन्नात जन्मलेले, महायुद्धानंतर न्यूयॉर्कला येऊन स्थिरावलेले हे लेखक, म्हणजे आपल्यासारखेच स्थलांतरित. 'चेस रिव्ह्यू' मासिकाच्या डिसेंबर १९५६ च्या अंकात त्यांनी हा डाव छापला आणि त्याला शतकातला डाव म्हटलं. शतक संपायला तेव्हा ४४ वर्षं बाकी होती! पत्रकाराची ही अतिशयोक्ती टिकली, कारण मुलगा पुढे बॉबी फिशर झाला. तो झाला नसता, तर हा डाव आज एखाद्या जुन्या संग्रहात सापडला असता.

निव्वळ डाव म्हणून तो शतकातला सर्वोत्तम आहे का? मला तसं वाटत नाही. सर्वोत्तम डावात दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत टक्कर हवी. १९९९ मध्ये विक आन झी इथे कास्पारोव्ह आणि टोपालोव्ह यांच्यात झालेला डाव मी त्याच्या वर ठेवीन, कारण तिथे दोघंही शिखरावरचे होते. इथे एक बाजू अकराव्या खेळीलाच घसरली. फिशरनं स्वतः निवडलेल्या साठ संस्मरणीय डावांचं पुस्तक १९६९ साली आलं. त्यात त्यानं आपण हरलेले तीन डाव घेतले, पण हा डाव घेतला नाही. त्या पुस्तकाची सुरुवातच १९५७ च्या डावानं होते. त्याचं कारण काहीही असो, आपण मात्र त्याच्या आयुष्यातून नेमका हाच डाव उचलतो.

आणखी एक गोष्ट काका सांगत नाहीत, ती म्हणजे त्या स्पर्धेचा निकाल. फिशरला ११ पैकी साडेचार गुण मिळाले आणि तो आठव्या-नवव्या स्थानावर राहिला. या डावासाठी त्याला सर्वांत सुंदर डावाचं बक्षीस मिळालं, पण तक्त्यानं सांगितलं ते खरंच होतं: तो अजून त्या माणसांपेक्षा कमी होता. पुढे पंधरा महिन्यांत, जानेवारी १९५८ मध्ये, चौदाव्या वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला. मधल्या काळात त्यानं केलेला अभ्यास आणि पचवलेल्या हारी या गोष्टीत कुठेच येत नाहीत. आणि १९७२ च्या जगज्जेतेपदानंतरचं त्याचं एकाकी, कडवट आयुष्य तर नाहीच.

दोन शक्तींमधलं अंतर

आपल्यात इंजिनिअर पुष्कळ, म्हणून थोडं गणित. आज जगभर वापरली जाणारी रेटिंगची पद्धत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाड एलो यांनी बसवली. तेही लहानपणी हंगेरीतून आलेले. अमेरिकन संघटनेनं ती १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक संघटनेनं १९७० मध्ये. तिचं म्हणणं असं: दोघांत २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्यानं चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, ४०० चं असेल, तर दहात नऊ. म्हणजे खालच्याचा वाटा शून्य कधीच नसतो. दहातला तो एक डाव कधीतरी यायचाच असतो. तो आला, की एक बाजू 'चमत्कार' म्हणते आणि दुसरी 'अपघात' म्हणते. दोन्ही शब्द आळशीपणाचे आहेत.

अलीकडचं आपलं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. मानांकनात ती पंधरावी होती; अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, तिच्याहून कितीतरी अनुभवी. दोन मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत निकाल लागला. त्या रात्री आमच्या फोनवर अभिनंदनाचे निरोप धो धो वाहिले आणि आनंद मलाही झालाच. पण हम्पी कशी खेळली, कुठे चुकली, किती वेळ तग धरून राहिली, हे विचारणारा एकही निरोप मला आला नाही. जिंकणाऱ्याचं मोजमाप हरणाऱ्याच्या उंचीवरून होतं, हे आपण विसरतो.

बर्ननं काय केलं

आता त्या डावाचा शेवट. अठ्ठाविसाव्या खेळीला बर्नचा उरलेला हत्तीही गेला. त्याच्याकडे वजीर, घोडा आणि थोडी प्यादी. समोर हत्ती, दोन उंट, घोडा. या पातळीवरचे खेळाडू अशा वेळी हात पुढे करून डाव सोडतात. तो शिष्टाचारच आहे; हरलेला डाव ओढत बसणं हा समोरच्याचा अपमान समजतात. बर्ननं डाव सोडला नाही. पस्तिसाव्या खेळीपासून फिशरनं ओळीनं सात वेळा राजाला शह दिला. राजा जी-१ वरून ढकलत ढकलत सी-१ पर्यंत आला आणि एकेचाळिसाव्या खेळीला हत्तीनं सी-२ वर मात झाली. पांढरा वजीर तेव्हा दूर बी-८ वर उभा राहून हे नुसतं बघत होता.

असं सांगतात, की पोरगा इतका सुरेख खेळला आहे तर त्याला पटावर मात करू द्यावी, असं बर्नच्या मनात आलं आणि त्यानं तसं इतर खेळाडूंजवळ बोलूनही दाखवलं. एकेचाळीस खेळ्यांची नोंद तर समोरच आहे. बर्ननं तिसाव्या खेळीला डाव सोडला असता, तर ती शेवटची सुंदर मात फक्त टीपांत राहिली असती. आज आपण जो डाव मुलांना दाखवतो, त्याचा शेवट बर्ननं दिलेला आहे. स्वतःचा पराभव पूर्ण होऊ देणं, आणि तोही एका शाळकरी मुलाच्या हातून, भरल्या क्लबात, याला जी ताकद लागते ती कुठल्याही रेटिंगमध्ये मोजत नाहीत. पुढे बर्न पेन स्टेट विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, तिथल्या विद्यार्थ्यांना बुद्धिबळही शिकवत राहिले आणि १९७६ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले.

हे सगळं मला आधी माहीत होतं. कळलं मात्र गेल्या वर्षी. एका शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात भरलेल्या खुल्या स्पर्धेत माझी गाठ नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीशी पडली. माझं रेटिंग सोळाशेच्या घरात, तिचं बाराशेच्या. एलोंच्या हिशेबानं दहात नऊ. मी कॉफी आणायला दोनदा उठलो. मग मीही एक उंट उगाच दुसऱ्यांदा हलवला, राजा मधेच राहिला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत माझा डाव बसला. तीन खेळ्यांत मात होती. तिला ती दिसली होती. खुर्चीत तिचे पाय हलायचे थांबले होते. मी घड्याळ बंद केलं, कागदावर सही केली, तिच्याकडे न बघता "गुड गेम" म्हणालो आणि उठलो. नियमानं यात काहीच गैर नव्हतं. दारातून मागे वळून पाहिलं, तर ती एकटीच दोन्ही बाजूंच्या खेळ्या करून ती मात पटावर लावत होती. मी घरी येऊन "एका लहान मुलीपुढे चुकून हरलो" असं सांगितलं. 'चुकून' हा शब्द मी मुद्दाम घातला होता.

या दिवाळीला जेवणानंतर मीच त्या कोपऱ्यात गेलो आणि गोष्ट बर्नच्या बाजूनं सांगितली. वजिरापाशी पोचण्याआधीच, अकराव्या खेळीला थांबलो आणि मुलांना विचारलं, "इथे तुम्ही काय कराल?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीनं उंट ई-२ वर ठेवला, काळ्यांची एक खेळी होऊ दिली, किल्लेकोट केला आणि समोरच्या मुलाला म्हणाली, "हं, आता दाखव तुझा बॉबी फिशर."

त्यांचा तो डाव हॉल बंद करायची वेळ झाली तरी संपला नव्हता.